विकालभोजन-विरती आणि शरीराचे आरोग्य

आषाढी पौर्णिमेस वर्षावासाला प्रारंभ झाला की महाराष्ट्रातील विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि अनेक उपासक-उपासिका अष्टशील ग्रहण करतात. काही केवळ पौर्णिमेस, काही उपोसथाच्या सर्व तिथींना, तर काही श्रद्धावान उपासिका आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीनही महिने हे शील पाळतात. आठ शीलांपैकी सहावे शील विकालभोजनापासून विरत राहण्याचे आहे. मध्याह्नानंतर दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंत आहार घ्यावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. या शीलाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, ते कोणी पाळावे आणि कोणी पाळू नये, याविषयी आमच्या समाजात फारच थोडे लिहिले गेले आहे. जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. उपाशी राहिल्याने सर्व व्याधी नष्ट होतात, असे एक पक्ष सांगतो. ही सारी जुन्या व्रतवैकल्यांचीच नवी आवृत्ती आहे, असे दुसरा म्हणतो. या दोहोंच्या मध्ये साखरेच्या गोळ्या घेणारी, साठी ओलांडलेली उपासिका मात्र कोणालाही न विचारता शील घेते आणि सायंकाळच्या परित्राणपाठाच्या वेळी घामाघूम होऊन खाली बसते. प्रस्तुत लेख प्रामुख्याने तिच्यासाठी व तिच्या घरच्यांसाठी आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. पालि भाषेतील ‘उपोसथ’ आणि संस्कृत-मराठीतील ‘उपवास’ हे शब्द एकाच धातूपासून आले असले तरी त्यांचा व्यवहारातील आशय एक नाही. (‘उपोषण’ हा तिसरा शब्द आपल्या समाजाला १९३२ सालच्या येरवड्यापासून चांगलाच परिचित आहे, परंतु तो विषय येथे नाही.) अंगुत्तर निकायात विशाखेला उद्देशून केलेला एक उपदेश आहे. त्यात भगवंतांनी उपोसथाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला गोपालकाचा, म्हणजे गुराख्याचा उपोसथ. गुराखी सायंकाळी गाई मालकाच्या स्वाधीन करताना आज त्या कोठे चरल्या आणि उद्या कोठे चरतील याचा विचार करतो. तद्वत काही लोक उपोसथाच्या दिवशी आज काय खाल्ले आणि उद्या काय खावयाचे याचेच चिंतन करीत बसतात. अशा उपोसथाचे फळ मोठे नाही, असा त्याचा आशय. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू यांनी सजलेल्या उपवासाच्या ताटाकडे पाहिले की हा गुराखी आठवल्यावाचून राहत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाममात्र. वर तूप अथवा तेल. ज्याला मधुमेह आहे त्याच्या रक्तातील शर्करा असल्या ‘उपवासा’ने कमी न होता झपाट्याने वाढते.

विकालभोजन-विरतीचे स्वरूप याहून अगदी निराळे आहे. तीत पदार्थांचा विधिनिषेध नाही, कालाची मर्यादा आहे. अरुणोदयापासून मध्याह्नापर्यंत भात, भाकरी, वरण, भाजी, अंडी, जे घरी शिजेल ते पोटभर खावयास मुभा आहे. पाण्याला तर कोणत्याही वेळी मनाई नाही. म्हणजे सुमारे सहा तास भोजनाचे आणि सुमारे अठरा तास विश्रांतीचे, असा हा दिनक्रम आहे. सकाळी केवळ चहा-बिस्किटावर राहून, दुपारी घाईत चार घास खाऊन जी उपासिका पुढचे अठरा तास काढते, ती शील पाळते खरी. परंतु शरीराच्या दृष्टीने तिने दिवसभर उपासमारच केलेली असते.

हा नियम कसा घडला हे पाहिले तर त्यामागील दृष्टी ध्यानात येते. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात भिक्खू उदायी पूर्वीचे दिवस आठवतो. त्या काळी भिक्खू सकाळ, दुपार आणि रात्र असे केव्हाही भोजन करीत. काळोखात भिक्षेला निघालेला भिक्खू कधी गटारात पडे, कधी काटेरी झुडपात शिरे, कधी झोपलेल्या गाईला अडखळे. कधी चोरांशी गाठ पडे. एका रात्री वीज चमकली आणि भांडी घासणाऱ्या एका स्त्रीला समोर उभा असलेला भिक्खू दिसला. भूत समजून ती किंचाळली, आणि मग पोटासाठी असे रात्रीबेरात्री हिंडण्याबद्दल तिने त्याला चांगलेच फैलावर घेतले. भगवंतांनी प्रथम दुपारचे अवेळी भोजन सोडावयास सांगितले, नंतर रात्रीचे. एकदम दोन्ही नव्हे. भद्दालि आणि कीटागिरि या सुत्तांत ते स्वतःचा अनुभव पुढे ठेवतात: मर्यादित वेळी भोजन केल्याने आजार कमी होतात, शरीर हलके राहते, बळ टिकते आणि सुखाने राहता येते. पुण्यसंचय किंवा देवतेचा प्रसाद यांचा येथे उल्लेखही नाही. सांगितलेली कारणे आरोग्याची आहेत, आणि म्हणून ती आरोग्यशास्त्राच्या कसोटीवर तपासून घेण्यास हरकत नसावी.

शरीरात काय घडते?

भोजनानंतर अन्नातील पिष्टाची शर्करा होऊन ती रक्तात येते. स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि त्याच्या साहाय्याने ही शर्करा पेशींत शिरते. उरलेली यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. यकृतातील हा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो. रात्रभर आपण काही खात नाही, तरीही मेंदू काम करीत राहतो. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १०० ते १२० ग्रॅम शर्करा लागते, ती याच साठ्यातून पुरविली जाते. शेवटच्या भोजनानंतर साधारणतः बारा ते चोवीस तासांत हा साठा बराचसा संपतो. मग शरीर चरबीकडे वळते. चरबी विघटित होऊन मेदाम्ले निर्माण होतात आणि यकृत त्यांपासून कीटोन नावाचे इंधन तयार करते. उपवास आणखी लांबला तर स्नायूंतील प्रथिनेही शर्करा बनविण्यासाठी खर्ची पडतात. अष्टशीलाचे अठरा तास या प्रवासाच्या पहिल्या वळणापर्यंतच जातात, म्हणून निरोगी प्रौढास त्यापासून अपाय होत नाही. इन्शुलिनला थोडी विश्रांती मिळते, चरबीचा उपयोग होऊ लागतो आणि जठर रिकामे झाल्यावर निद्रा येत असल्याने रात्रीची आम्लाची जळजळही अनेकांची कमी होते.

अलीकडे पाश्चात्त्य देशांत यालाच ‘वेळेच्या मर्यादेतील आहार’ म्हणून मोठी प्रसिद्धी मिळाली आहे. २०१८ साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ८ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच आठवडे त्यांना सहा तासांच्या आत, दुपारी ३ पूर्वी सर्व भोजन उरकावयास लावले. अन्न मात्र वजन घटू नये इतके पुरेसे दिले. वजन फारसे न घटताही इन्शुलिनची कार्यक्षमता सुधारली, रक्तदाब उतरला आणि सायंकाळची भूकही मंदावली. विकालभोजन-विरतीशी इतका जुळणारा दुसरा प्रयोग आमच्या पाहण्यात नाही. मात्र आठच पुरुष, तेही पाच आठवडे, आणि स्त्री एकही नाही, ही त्याची मर्यादा विसरता कामा नये. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या अभ्यासात एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच बेताचा आहार घेतला, दुसऱ्याने तेवढाच आहार वेळेच्या बंधनाविना घेतला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलो घटले, दुसऱ्याचे ६.३ किलो, हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय ठरला नाही. म्हणजे लाभ मुख्यतः बेताने खाण्याचा होता. घड्याळ त्याला साहाय्य करते, एवढेच फार तर म्हणता येईल.

बेताने खाण्याबद्दल संयुत्त निकायात कोसलराज प्रसेनजिताची कथा आहे, ती येथे सांगण्याजोगी आहे. राजा द्रोणभर भाताचे भोजन करून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा जाणून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश वृद्ध होतो, अशा आशयाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून भोजनाच्या वेळी रोज म्हणावयास लावले आणि त्यासाठी त्याला नित्य शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला व त्याचे शरीर सडपातळ झाले. आजचा आहारतज्ज्ञ याहून निराळे काय सांगतो?

आणखी एका प्रचाराचा परामर्श घेणे आवश्यक आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी स्वतःचे निकामी झालेले घटक मोडून पुन्हा कसे वापरते, या क्रियेची यंत्रणा त्यांनी उलगडली. हे मूलभूत काम त्यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून केले. यावरून ‘उपवासाने कर्करोग बरा होतो हे नोबेलने सिद्ध केले’ असे संदेश भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरत असतात आणि ते विहारांतही वाचून दाखविले जातात. यीस्टच्या पेशीवरून मनुष्याच्या रोगमुक्तीवर अशी उडी मारता येत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णाला तर बळ टिकविण्यासाठी अन्नाची अधिक गरज असते. जे पाहिले नाही, तपासले नाही, ते केवळ ऐकीव म्हणून मानू नये, हे ज्यांना कालामांच्या उपदेशातून शिकविले गेले आहे त्यांनी तरी हे संदेश पुढे पाठवू नयेत.

उपासमारीचा अनुभव भगवंतांनी स्वतः घेतला होता. महासच्चक सुत्तातील त्यांचे निवेदन वैद्यकाच्या विद्यार्थ्यानेही वाचावे असे आहे. ओंजळभर कडधान्याच्या कढणावर राहून हातपाय काड्यांसारखे झाले, डोळे खोल गेले, पोटावर हात ठेवावा तर पाठीचा कणा हाती लागे, अंगावर हात फिरविताच केस गळून पडत, आणि लघवीस उठले की ते तेथेच तोंडघशी पडत. केस गळणे हे प्रथिनांच्या तीव्र अभावाचे लक्षण आहे, तर उभे राहताच पडणे हे रक्तदाब एकाएकी खालावल्याचे. सिक्री येथे सापडलेली आणि सध्या लाहोरच्या संग्रहालयात असलेली गांधार शैलीतील मूर्ती हीच अवस्था पाषाणात दाखविते. एवढे करूनही ज्ञान लाभले नाही. इतक्या कृश देहाने ध्यानाचे सुख मिळणे सोपे नाही हे ओळखून त्यांनी पुन्हा अन्न घेतले. पाच सहकारी त्यांना सोडून गेले, तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात या तपश्चर्येच्या त्यागाला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

१९४४-४५ साली अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो अभ्यास केला, त्यातही असेच चित्र दिसले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. थंडी सहन होईना, मन उदास व चिडचिडे झाले. विशेष म्हणजे ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. कित्येकांनी पाककृतींची पुस्तके जमविली. भुकेलेले मन अन्नावरच घोटाळत राहते हे गुराख्याच्या उपमेत सांगितलेले सत्य प्रयोगशाळेतही असे आढळून आले.

कोणी हे शील घेऊ नये?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आमच्या वस्त्याही त्याला अपवाद नाहीत. स्वतः बाबासाहेब अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती जर्जर झाले होते, हे सर्वश्रुत आहे. मधुमेह्यांनी दीर्घकाळ उपाशी राहिल्यास काय होते, याचा मोठा पुरावा रमजानच्या रोजांविषयीच्या अभ्यासातून मिळतो. १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांच्या या पाहणीत, इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या पहिल्या प्रकारच्या रुग्णांत रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरण्याच्या घटना रमजानच्या महिन्यात सुमारे पावणेपाच पटींनी आणि दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत सुमारे साडेसात पटींनी वाढलेल्या आढळल्या. रोजात पाणीही वर्ज्य असते आणि भोजन रात्री होते, हा फरक आहे खरा. परंतु गोळी पोटात आणि अन्न मात्र नाही, ही अडचण दोहोंकडे सारखीच.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्शुलिनचे इंजेक्शन यांचे काम खाल्लेल्या अन्नाची शर्करा खाली आणणे हे आहे. सायंकाळी अन्न न घेता सवयीने रात्रीची गोळी घेतली तर शर्करा मध्यरात्री घातक पातळीवर उतरते, आणि त्या वेळी रुग्ण झोपेत असतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांनी उपाशीपोटी रक्तात आम्ल साचण्याचा निराळाच धोका संभवतो. मेटफॉर्मिनने एकट्याने शर्करा सहसा एवढी उतरत नाही, तरीही मात्रेचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा. याच्या उलट ‘शील आहे, औषध नको’ म्हणून रक्तदाबाची, हृदयाची वा फेफऱ्याची गोळी बंद करणे हीही तितकीच गंभीर चूक आहे. औषध हे भोजन नव्हे. रात्री दहा वाजता पाण्याबरोबर गोळी घेतल्याने सहावे शील मुळीच भंगत नाही.

गर्भवती, अंगावर दूध पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले-मुली, क्षयरोगाचे औषध घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि मुळातच वजन कमी असलेले यांनी पंचशीलावरच समाधान मानावे. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसून आले. घरातील सर्वांना वाढून उरेल ते खाणाऱ्या स्त्रीने एक वेळचे अन्न आणखी कमी केले तर त्या रक्ताची भरपाई कशाने होणार? तिने शील घेतले त्या दिवशी सकाळचे पहिले ताट तिला वाढले जावे, त्यात डाळ, उसळ, पालेभाजी व अंडे असावे, हे पाहणे घरच्यांचे काम आहे. ऊसतोडीला वा बांधकामावर जाणाऱ्या मजुराने कामाच्या दिवशी हे शील घेण्याचा आग्रह धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुग्णाला सवलत देणे म्हणजे धम्मात पळवाट काढणे, असे काहींना वाटते. त्यांनी विनयपिटक पाहावे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, पेज व भात ओकू लागले, अंगाने सुकले, तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे प्रथम योग्य काळी आणि पुढे विकालीही घेण्यास अनुमती दिली. नियम करणाऱ्यानेच रोग्यासाठी नियम सैल केला. पुढे आंबा, जांभूळ, द्राक्ष इत्यादींच्या आठ प्रकारच्या रसपेयांनाही अनुज्ञा मिळाली.

या पेयांबाबत आज मात्र एक सावधगिरीची सूचना द्यावी लागते. थायलंडमध्ये दुपारनंतर न जेवणाऱ्या भिक्खूंपैकी जवळपास निम्मे स्थूल असल्याचे बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या पाहणीत आढळले. उपासकांनी दान केलेले गोड-तुपकट अन्न आणि सायंकाळी घेतली जाणारी साखरेची पेये ही त्याची प्रमुख कारणे सांगितली गेली. २०१७ साली त्या देशाला भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद तयार करावी लागली. आपल्या विहारांतही सायंकाळी सरबताचे वा गुळाच्या चहाचे दोन-दोन पेले होतात. पेल्यात चार चमचे साखर म्हणजे सुमारे २० ग्रॅम. दोन पेल्यांत एका लहान भोजनाएवढी शर्करा रक्तात उतरते, आणि इन्शुलिनला मिळावयाची विश्रांती मिळतच नाही. लिंबूपाणी द्यावे, साखर नाममात्र घालावी. दान देणाऱ्यांनी भिक्खुसंघाच्या पात्रात जिलेबीऐवजी फळे व डाळ वाढली तर पुण्यात काही उणे पडणार नाही.

धम्मपद-अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याच्यासाठी भगवान श्रावस्तीहून तीस योजने चालून आले होते. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून येईपर्यंत दिवस बराच वर आला आणि तो उपाशीपोटीच सभेत पोहोचला. भगवंतांनी देशना थांबवून ठेवली, संघाच्या भोजनातून उरलेले अन्न त्याला वाढावयास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा भूक ही किती मोठी व्याधी आहे हे त्यांनी समजावून दिले. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी इतरांच्या दारचे शिळेपाके मागून भूक भागविली, त्या समाजाला लादलेली उपासमार आणि स्वेच्छेने स्वीकारलेली मर्यादा यांतील भेद कोणी समजावून देण्याची गरज नाही.

ज्या विहारांत वर्षावासात अष्टशील दिले जाते, तेथील व्यवस्थापकांना आमची विनंती आहे की शील देण्याच्या आदल्या दिवशी कोण कोणते औषध घेतो याची आस्थेने विचारपूस करावी आणि मधुमेह्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सहावे शील देऊ नये. विहारात साखर व शक्य तर शर्करा मोजण्याचे लहान यंत्र ठेवावे. कोणाला घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि बरे वाटताच थोडे जेवू घालावे, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता, कुशीवर वळवून, तडक रुग्णालयात न्यावे. शेजारी बसणाऱ्या दोन तरुणांना एवढे आधी शिकवून ठेवले की पुरे.